गोष्ट सांगावी की हिशेब मांडावा? देणगीचे पत्रक लिहिण्यापूर्वी

मार्चअखेर जवळ आला, की देणगीचे पत्रक कसे लिहावे यावरून संस्थेच्या विश्वस्तांत ठरलेला वाद सुरू होतो. काहींचे म्हणणे असते, की एखाद्या मुलीची किंवा एखाद्या कुटुंबाची गोष्ट सांगा, म्हणजे लोक वाचतील आणि देतील. दुसरी बाजू बहुधा खजिनदारांची असते. किती मुले शिकली, किती खर्च झाला आणि किती पैसे कमी पडतात एवढेच छापा, लोकांना हिशेब कळतो, असे ते सांगतात. कोल्हापुरातील दोन-तीन संस्थांची पत्रके आणि वार्षिक अहवाल मी गेली काही वर्षे लिहून देते, त्यामुळे ही दोन्ही मते पुष्कळदा ऐकली आहेत. यंदा ज्यांना या दोहोंतून निवड करायची आहे त्यांना माझे मत आधीच सांगते: निवड वाचणाऱ्याकडे पाहून करावी, आणि आपल्या शहरात त्या गोष्टीची किंमत कोणाला मोजावी लागेल याचा विचार तिच्या परिणामाच्याही आधी करावा.

गोष्टीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला अमेरिकेतील आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी लोकांना एक प्रश्नावली भरून देण्याबद्दल ५ डॉलर मिळाले आणि त्यांतून हवे तेवढे दान करण्याची मुभा होती. माली देशातील रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीविषयी ज्यांना सांगितले, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. आफ्रिकेतील उपासमारीचे केवळ आकडे ज्यांच्यापुढे ठेवले, त्यांनी १.१४ डॉलर दिले. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले तेव्हा रक्कम १.४३ डॉलरवर आली, आणि ‘थोडे हे, थोडे ते’ असा मध्यममार्ग सुचवणाऱ्या विश्वस्तांनी हा तिसरा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मात्र तोच प्रयोग अलीकडे पुन्हा काटेकोरपणे करून पाहिला तेव्हा हा फरक आढळला नाही, आणि अशा अनेक अभ्यासांचा त्याआधी झालेला एकत्रित आढावाही परिणाम अगदी लहान असल्याचेच सांगतो. तेव्हा ‘गोष्ट सांगितली की देणगी दुप्पट’ असे कोणी प्रशिक्षणात सांगत असेल, तर ते सावधपणे ऐकावे.

कोल्हापूरकरांना खरे तर इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्याच महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातील गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि तेथे जाऊन ते स्वतः चहा घेत, ही हकीकत इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हुकमाची तारीख विचारली, तर भले भले अडखळतात. चहाची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली, कारण तिच्यात कप आहे, महाराजांची गाडी आहे आणि बघणारे लोक आहेत. नोकरी मात्र हुकमातील टक्क्यांनी मिळाली. एकाचे काम दुसऱ्याने झाले नसते, एवढे या जोडीकडे पाहून कळते.

आकडा रुक्ष असतो, हेही सरसकट खरे नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या माणसाला सांगावे लागत नाही. ‘पाणी ४३ च्या वर गेले’ एवढे वाक्य वाचले, की २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्याच्या डोळ्यांपुढे गोठ्यातून सोडलेली जनावरे आणि माळ्यावर चढवलेली धान्याची पोती उभी राहतात. त्याच्यासाठी तो आकडा हीच गोष्ट असते. तेच पत्रक पुण्याच्या किंवा ठाण्याच्या वाचकाकडे गेले, तर ४३ हा नुसता अंक उरतो, आणि तेथे एका घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ किती उंचीवर आहे हे सांगावेच लागते.

कंपन्यांच्या बाबतीत निवड सोपी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि तो खर्च त्यांच्या संचालक मंडळाला अहवालात दाखवावा लागतो. त्यामुळे त्यांना मोजता येईल असे काम हवे असते. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या मालकांची कंपनी या मर्यादेत येत नाही, तरी त्यांची रीत तीच. मी नेलेला रंगीत अहवाल त्यांनी उलटा धरला, शेवटच्या पानावरचा जमाखर्च काढला, आणि काळपट अंगठा मानधनाच्या रकमेवर ठेवून विचारले, “मॅडम, हे सगळं बरोबर आहे हो, पण एका पोरामागं वर्षाला पडतंय किती?” पहिल्या पानावरच्या कथेसाठी मी चार दिवस घालवले होते. ती त्यांनी वाचली की नाही, हे मला आजही माहीत नाही. धनादेश मात्र मिळाला.

व्यक्तीची गोष्ट जिथे खरोखर उपयोगी पडते, तो वाचक निराळा असतो. नोकरीनिमित्त बाहेर गेलेला माजी विद्यार्थी, वाढदिवसाला देणगी देणारे निवृत्त शिक्षक, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे पाठवणारी मंडळी, ही माणसे एखाद्या प्रसंगाने थांबतात आणि ताळेबंद मागत नाहीत. त्यांच्यासाठी गोष्ट लिहावी, पण अडचणही इथेच सुरू होते.

एका अभ्यासिकेच्या पत्रकासाठी मी नववीतील एका मुलीविषयी लिहिले होते. नाव बदलले, छायाचित्र पाठमोरे घेतले, आईची संमती घेतली. ‘वडील दारूच्या आहारी गेलेले’ हे तीन-चार शब्द मजकुरात होते, आणि गल्लीच्या तोंडावरच्या देवळाचा उल्लेखही होता. पत्रक वाटल्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिची आई अभ्यासिकेत आली. पत्रकाची चार घड्या केलेली प्रत तिने पदराआडून काढली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, “नाव बदललंय, खरं घर आमचंच हाय की.” आरडाओरडा तिने केला नाही. मुलगी त्यानंतर महिनाभर अभ्यासिकेत फिरकली नाही.

चूक माझी होती. मुंबईत नाव बदलले की माणूस गर्दीत मिसळतो. इथे पेठ, तालीम, देऊळ आणि वडिलांचा धंदा यांपैकी दोन गोष्टी सांगितल्या, की तिसरी वाचणाराच सांगतो. आईची संमती खरी होती, पण ती छापण्याला दिलेली होती, आणि छापलेले शेजारीण वाचेल याची कल्पना तिला मी दिली नव्हती. मुलांच्या बाबतीत कायदाही कडक आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई असून त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बालगृह चालवणाऱ्या संस्थांनी तर या वाटेला जाऊच नये.

खर्चाचा विचार केला, तर दोन्ही मार्ग सारखेच महाग पडतात, फक्त वेळ वेगळी असते. आकड्यांसाठी हजेरीपट आणि पावत्या वर्षभर नीट ठेवाव्या लागतात, मार्चमध्ये ते जमवता येत नाही. गोष्टीसाठी दोन-तीन भेटी, आणि लिहून झाल्यावर संबंधिताला तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे, एवढे तरी लागतेच. वाचून दाखवताना माणूस ज्या वाक्याला खाली बघतो, ते वाक्य काढावे.

स्वतःची गोष्ट स्वतः सांगणाऱ्या प्रौढ व्यक्तीला मात्र ही भीती कमी असते. कोल्हापुरात १९८४ साली सुरू झालेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’च्या संस्थापक नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरचे आपले आयुष्य स्वतः लिहिले, काय सांगायचे आणि काय स्वतःपाशी ठेवायचे, हा हक्क त्यांच्याच हाती राहिला. तुमच्या संस्थेत असे बोलू इच्छिणारे माजी विद्यार्थी असतील, तर त्यांना विचारा. नसतील, तर कामाचीच गोष्ट सांगता येते. त्या प्रसंगानंतरच्या वर्षी आमचे पत्रक संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेचे शटर उघडण्यापासून सुरू झाले: दाराशी काढलेल्या चपलांची रांग, दोन ट्यूबलाइटपैकी एक बंद, आणि बंद ट्यूबखालचा बाक टाळण्यासाठी लवकर येणारी मुले. त्यात एकही मूल ओळखू येत नव्हते. शेवटी एका मुलामागचा वार्षिक खर्च एका ओळीत दिला, कारण शिरोलीलाही तेच पत्रक जाणार होते. देणग्या आधीच्या वर्षाहून थोड्या कमी आल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या ट्यूबलाइटचे पैसे मात्र तीन जणांनी वेगवेगळे पाठवले, आणि त्यांतील दोघांच्या पैशांचे काय करावे यावर विश्वस्तांची बैठक घ्यावी लागली.