‘वेजवूड’च्या शिक्क्यात एक अक्षर जास्त होतं

७८० पाउंड. एका किटलीचे. हा आकडा नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेला नाही, इथे लिहितेय ते फक्त पुढचा कुणी वाचावा म्हणून.

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतली. पिवळसर क्रीमवेअर, म्हणजे साईच्या रंगाची चकचकीत मातीची भांडी असतात ना, ती; तळाला ठसवलेला ‘वेजवूड’चा शिक्का. विक्रेता मिठ्ठास! १७६५ मध्ये राणी शार्लटने चहाचा सेट मागवला आणि नामांकित इंग्रज कुंभार जोसाया वेजवूडने या मालाला ‘क्वीन्स वेअर’ नाव दिलं, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. यातलं काही खोटं नाही हो, म्हणूनच तर विश्वास बसला.

किटली उलटी करून शिक्क्यावरून मी स्वतः बोट फिरवलं होतं. पर्समध्ये भिंग होतं! वेजवूडच्या स्पेलिंगमध्ये जी आणि डब्ल्यूच्या मध्ये ई नसतो. माझ्या किटलीवर होता. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी, तो म्हणतोय ‘घ्यायची नसेल तर यांना देतो’. अशा वेळी अक्षरं कोण मोजतं? ती दोघं त्याचीच माणसं असावीत, असं आता वाटतं.

स्टॉकटनच्या विल्यम स्मिथ या भांडी बनवणाऱ्या कंपनीने हा जादा ई घालून माल खपवला होता. खऱ्या वेजवूडने १८४८ मध्ये कोर्टातून मनाई हुकूम आणला. म्हणजे किटली जुनी आहे, नाव चोरीचं. लिलाववाल्यांनी किंमत सांगितली ६० पाउंड, आणि ते सांगायचे ४५ घेतले.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. एक लांबलचक नंबर मिळाला, मग ‘तपास होऊ शकत नाही’ असं पत्र. कौन्सिलवाले, म्हणजे तिथली पालिका, म्हणाले, पावती दाखवा. पावतीवर काय, तर ‘जुना क्रीम टीपॉट, १’. वेजवूड नाही, साल नाही. मग ही दिवाणी बाब, तुमची तुम्ही बघा! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. एकाने तर विचारलं, किटली गळत नाही ना?

पावतीवर कारखान्याचं नाव आणि काळ लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली की निघा. बँक ट्रान्सफर अजिबात नाही. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर १०० पाउंडांवरच्या वस्तूसाठी ब्रिटनच्या १९७४ च्या ‘कन्झ्युमर क्रेडिट’ कायद्याचं कलम ७५ लागू झालं असतं, बँकेलाही जबाबदार धरता आलं असतं. आणि ‘वेजवूड अँड कंपनी’ दिसलं तरी भुलू नका, ती १८६० पासूनची टनस्टॉलची वेगळीच मंडळी. शिक्क्याचा फोटो काढू देत नसेल, तर सरळ पुढच्या टेबलावर जा.