डिझेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची पावडर: चार महिने वापरून सांगतो

आपलं जळगावला ट्रॅक्टर रिपेरिंगचं गॅरेज आहे, मागच्या अंगणात वर्षानुवर्षं डिझेल अन् जळालेलं ऑईल सांडून माती पार काळी चिक्कट झालेली, निंबाचं झाड पण वाळायला लागलं म्हणून ही पावडर मागवली. पाकिटावर स्यूडोमोनास लिहिलंय, म्हणजे त्या बॅक्टेरियाचं नाव.

पहिला महिना काहीच फरक नाही. मग भाच्याने समजावलं, तो मायक्रोबायोलॉजी शिकतो. डिझेलमधल्या टोल्युइन, नॅप्थलीनमध्ये सहा कार्बनचं कडं असतं, लई पक्कं. बॅक्टेरियाचं डायऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू त्या कड्याला जोडतं, पुढे त्याचं कॅटेकॉल नावाचं संयुग बनतं अन् दुसरं एन्झाइम ते कडंच फोडतं, मग उरलेले तुकडे म्हणजे त्यांचं जेवण. काय कारागिरी आहे भो! आनंद चक्रवर्ती नावाच्या शास्त्रज्ञांनी असाच तेल खाणारा स्यूडोमोनास बनवला होता, 1980 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याचं पेटंट मान्य केलं.

म्हणजे हवा नाही तर काम ठप्प, अन् नेमकं हेच पाकिटावर कुठेच नाही!! दुकानदारही बोलला नाही, याचा खरंच राग आला. मग दर चार दिवसांनी माती खालीवर केली, थोडा युरिया टाकला, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ओली गोणपाटं टाकून ओल धरली. आता डिझेलचा वास बराच गेलाय, कडेला गवत उगवलंय. जळालेल्या ऑईलचे डाग मात्र तसेच, त्यातली चारपाच कड्यांची संयुगं लवकर तुटत नाहीत.

पाचपैकी साडेतीन. पावसाळ्यानंतर परत टाकणार.