४ इंची ग्राइंडरचा कटिंग स्टँड: घ्यावा का, आणि घेतल्यावर आधी काय करावं

ज्यांच्याकडे ४ इंची ग्राइंडर आधीपासून पडून आहे आणि घरच्या घरी १ इंची स्क्वेअर पाइप, अँगल, पट्टी कापून रॅक, कुंड्यांचा स्टँड, शिडी असली कामं करायची आहेत त्यांनी ग्राइंडर बसवून वरून खाली दाबत कापायचा हा स्टँड खुशाल घ्यावा. पण बॉक्स उघडला, ग्राइंडर बसवला आणि लगेच काटकोनात कट मिळाला असं होणार नाही, त्या भरवशावर घेऊ नका. हातात येतो तो माल अर्धाच तयार असतो, उरलेलं आपल्याला करावं लागतं, ते एकदा नीट केलं की मात्र पैसे वसूल.

मी मुंबईत नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन घेतला, दीड हजाराच्या आत पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोन-तीन दुकानांत बघितलं तर स्टिकर वेगळे आणि माल जवळपास तोच, खाली बेस, वर ग्राइंडर बसवायचा स्प्रिंगवाला हात, समोर पाइप आवळून धरायचा छोटा वाइस आणि मागे पाइप टेकवायची पट्टी. हात खाली दाबायचा, सोडला की स्प्रिंग वर उचलते, एवढंच मशीन आहे.

आता हा हवाच कशाला, तर हाताने कापलं की पाइपच्या चारही बाजूंना गुण्याने (काटकोन मापायची एल आकाराची पट्टी) रेघ मारली तरी चौथ्या बाजूला येईपर्यंत कट थोडा तरी सरकतोच. तो फरक कापताना कळत नाही, वेल्डिंगला कळतो. जॉइंटला एका बाजूला फट राहते, १८ गेजचा पाइप म्हणजे भिंत जेमतेम १.२ एमएम, फट भरायला गेलं की भोक पडतं, आणि जिथे जास्त भरलं तिकडे फ्रेम ओढली जाते, मग फ्रेमचा डायगोनल (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) मोजला की दोन सूत, म्हणजे पाव इंच फरक. आमच्या भांडुपला एक फॅब्रिकेशनवाले मामा आहेत, ते कायम सांगतात, "अरे, वेल्डिंग चांगलं पाहिजे ना, मग आधी कटिंग सुधार." स्टँड लावल्यापासून मला ते पटलंय, कट बसले की टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारायला पण वेळ लागत नाही.

आता सेटिंग, कारण सगळा खेळ इथेच आहे.

पहिलं बघायचं स्टँडच्या हाताची हलहल. ग्राइंडर बसवून, प्लग काढून, डिस्कची कड धरून डावी-उजवीकडे ढकला. माझ्या स्टँडमध्ये चांगली दीड-दोन एमएम हलत होती, म्हणजे कट कुठेही जाऊ शकतो. ज्या बोल्टवर हात फिरतो तो खोलला तर भोक सैल आणि मधे वायसरच नाही. दोन्ही बाजूला पातळ वायसर टाकले, नट बदलून नायलॉनवाला लॉकनट लावला आणि इतपतच आवळला की हात स्प्रिंगने वर जाईल पण बाजूला हलणार नाही. थोडं ग्रीस. ह्या एका कामाने निम्मा फरक पडला.

दुसरं, डिस्क बेसला उभी काटकोनात आहे का. गुण्या बेसवर ठेवून डिस्कच्या सपाट बाजूला लावा, लेबलच्या उंचवट्यावर नको. फट दिसली तर ग्राइंडर जिथे बोल्टने धरलाय तिथे शिम (फट भरायला पातळ पत्र्याचा तुकडा) घालायची, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा मस्त चालतो. मग मागची पट्टी डिस्कला काटकोनात लावायची. पट्टीवर डिग्रीचे आकडे छापलेत त्यांच्यावर जाऊ नका, माझ्याकडे शून्यावर ठेवलं तर कट उघड उघड तिरका येत होता. गुण्या लावूनच पट्टी आवळा आणि त्या जागी स्क्राइबरने (टोकदार सुईने) स्वतःची खूण करून ठेवा.

मग खात्री करायची ती अशी. एक तुकडा पाइप कापा, दोन्ही अर्धे सपाट जागेवर सरळ कडेला लावून समोरासमोर ठेवा आणि त्यातला एक उलटा करा. कापलेली तोंडं एकमेकांना पूर्ण चिकटली तर कट काटकोनात, फट दिसली तर जी दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीकशी गडबड पण लपत नाही. गुण्यापेक्षा मी ह्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

कापताना जोर लावायचा नाही. १ किंवा १.२ एमएमची डिस्क पातळ असते, दाबलं की वाकते आणि कट खाली जाता जाता तिरका होतो, मग आपण स्टँडला शिव्या देतो. स्पीड पूर्ण येऊ द्या, हलक्या हाताने खाली आणा, ठिणग्यांचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे. मार्किंग करताना डिस्कच्या जाडीचा हिशोब धरा, रेघेच्या कुठल्या बाजूला कापायचं ते आधी ठरवा.

सहा फुटी पाइपचं दुसरं टोक हवेत किंवा जमिनीवर सोडू नका. बेसची जेवढी उंची तेवढाच लाकडी ठोकळा तिकडे खाली द्या. नाहीतर पाइप तिरका बसतो, आणि दोन्हीकडून टेकलेला पाइप मधे वाकला तर कट वरून मिटतो आणि डिस्क आत अडकते. एकाच मापाचे खूप तुकडे लागत असतील तर पुढे अँगलचा तुकडा सी-क्लॅम्पने लावून स्टॉप करा, पण पाइप टेकवला, वाइस आवळला की स्टॉप थोडा मागे घ्यायचा. कापलेला तुकडा डिस्क आणि स्टॉपच्या मधे अडकला तर डिस्क फुटू शकते, इथे घाई नको.

वाइस हा ह्या स्टँडचा सगळ्यात कच्चा भाग. स्क्रूचे आटे ढोबळ, जबडा आवळताना जरा वर उचलतो आणि पाइप पण सोबत उचलला जातो. आवळून झाल्यावर पाइप खाली बसलाय का ते बोटाने दाबून बघायचं, हलला तर पुन्हा. मी आता गोल पाइपला खाली व्ही केलेला अँगल घालतो, त्याशिवाय गोल पाइप फिरतो.

आता मर्यादा. डिस्क १०० ते १०५ एमएमची, त्यातून डिस्क आवळणारा मधला फ्लँज आणि गिअरचं डोकं वजा केलं की कापायला ३० एमएमच्या आसपास उरतं. १ इंची पाइप एका दमात होतो. दीड इंचाला पाइप फिरवून दोन बाजूंनी कापावा लागतो आणि मग दोन कट जुळतीलच असं नाही. ४५ च्या कोनात तर १ इंचाचा पाइपच साधारण ३५ एमएम रुंद होतो, तिथे नवी डिस्क असेल तर आरपार जाते, झिजली की खालचा कोपरा तसाच राहतो. म्हणून ४५ चे कट मी नव्या डिस्कवर आधी उरकतो, अर्धी झिजलेली डिस्क पट्टी आणि सळई कापायला वापरतो. ज्यांना रोज २ इंची पाइप, जाड अँगल कापायचाय त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये, सरळ १४ इंची कटऑफ मशीन घ्यावं, ३५५ एमएमची डिस्क असते. पण ते जड असतं, जागा खातं आणि वन बीएचकेत ठेवणार कुठे. हा स्टँड काम झालं की पलंगाखाली जातो, मुंबईत हे छोटं कारण नाही.

सेफ्टीबद्दल मला मनापासून लिहायचंय. ४ इंची ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास फिरतो. काही स्टँडला ग्राइंडरचा स्वतःचा गार्ड काढून स्टँडचा गार्ड लावायला सांगतात, तो नीट बसत नसेल तर स्टँड परत करा पण उघड्या डिस्कवर कापू नका. लाकडाचं दातेरी ब्लेड ह्याला कधीच लावायचं नाही, बाजारात कोणी कितीही सांगू दे. डिस्कवर ८० एम/एस (कडेचा वेग, सेकंदाला मीटर) आणि कमाल आरपीएम छापलेलं असतं, तो कमाल आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे, आणि चांगल्या डिस्कच्या मधल्या लोखंडी रिंगवर एक्स्पायरीचा महिना-वर्ष असतं ते बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्क दमट होतात, त्यातला रेझिन कमजोर पडतो, म्हणून झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात ठेवा. फेसशिल्ड, कानात प्लग, सुती कपडे. स्लाइड स्विच ऑनवर अडकलेला राहतो, त्यामुळे प्लग घालायच्या आधी स्विच बघायचाच, आणि बोर्ड हाताच्या अंतरावर असू द्या.

ठिणग्या मागे बऱ्याच लांब जातात. गॅलरीत कापणार असाल तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे, कोणाची बाइक हे बघून दिशा ठरवा. मी गच्चीवर सेक्रेटरींना सांगून कापतो, मागे जुना पत्रा उभा करतो आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळतो, आवाज खरंच मोठा आहे आणि शेजाऱ्यांचं ऐकायला पाहिजे. एसएस (स्टेनलेस स्टील) कापायचं असेल तर त्याची डिस्क वेगळी, लोखंडाला वापरलेली लावली तर एसएसवर गंजाचे डाग येतात.

घ्यायला जाताना स्वतःचा ग्राइंडर बॅगेत घेऊन जा. साइड हँडलच्या भोकांना हा स्टँड बसतो, ती भोकं आणि बोल्ट प्रत्येक ग्राइंडरला सारखे नसतात, दुकानदार "सबको लगता है" म्हणेल तरी तिथेच लावून बघायचं. हात धरून बाजूला हलवायचा, वाइस पूर्ण आवळून सोडायचा, बेस सपाट काउंटरवर डगमगतो का ते पाहायचं. बेस जितका जड तितका बरा, आणि बेसला भोकं असलेलाच घ्या म्हणजे जाड प्लायवर बोल्ट करता येतो, सुटा ठेवून कापायचा नाही. रविवारी तिकडची बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी मस्जिद बंदरला उतरून चालत गेलात तर निवांत बघू देतात.