स्मज की आयड्रॉपर? डिजिटल चित्रात रंग मिसळताना

उजेडाचा रंग आणि सावलीचा रंग शेजारी शेजारी लावून झाले, की मधली कडा मऊ करायची वेळ येते आणि तिथे दोन वाटा फुटतात. पहिली स्मजची: लावलेला रंगच ओढून, चोळून एकमेकांत मिसळायचा. दुसरी आयड्रॉपरची, म्हणजे चित्रातूनच रंग उचलणाऱ्या साधनाची: साध्या ब्रशने अर्धपारदर्शक फटकारा मारायचा, दोन रंग एकमेकांवर आले तिथून मधली छटा उचलायची, ती लावायची, परत उचलायची. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फोटोशॉप असो, क्रिटा, प्रोक्रिएट की क्लिप स्टुडिओ, निवड शेवटी याच दोघांत करायची असते. मी मुखपृष्ठं आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं करतो. दोन्ही पद्धतींनी भरपूर काम केलंय आणि चेहऱ्यांसाठी आता एकीवर स्थिरावलोय. दोघींची बाजू सरळ मांडायचा प्रयत्न करतो, पण माझा कल लपणार नाही.

आधी स्मज, कारण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात आणि त्यात काही वावगं नाही. वेग हा तिचा मोठा गुण. जुलैतलं वरळीचं आकाश रंगवायचं असेल, खाली समुद्राशी करडं आणि वर कुठेतरी पिवळसर उजेड अडकलेला, तर चार-पाच रंगांचे डाग टाकून मोठ्या खरखरीत ब्रशने ते ओढले की ढग आपोआप उभे राहतात. तिथे मधली छटा मोजूनमापून लावत बसलात तर ढगातला ओलेपणाच निघून जाईल. धूर, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं, केसांची टोकं, लांबवरच्या इमारती यांच्यासाठी मी अजूनही डोळे झाकून स्मज घेतो. फक्त गोल मऊ टोक वापरू नका. प्रोक्रिएटमध्ये ज्या ब्रशने रंगवलं तोच ब्रश स्मजलाही देता येतो, तसा द्या, म्हणजे पोत टिकतो. क्रिटाच्या कलर स्मजमध्ये स्मिअरिंग आणि डलिंग असे दोन प्रकार आहेत. पहिला खालचे पिक्सेल जसेच्या तसे पुढे खेचतो, दुसरा ब्रशखालचा रंग उचलून त्यात मिसळत जातो. त्वचा किंवा कापडासाठी दुसरा बरा, ढगांसाठी पहिला.

तिसरी वाट म्हणून काही जण मऊ एअरब्रश सुचवतात. मला ती फारशी मानवत नाही. लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीच्या गालांवर स्प्रेगनने छटा मारतात तेव्हा ती सुंदर दिसते, कारण गाल मातीत आधीच गोल घडलेला असतो. स्प्रेला फक्त रंगाची झाक द्यायची असते. आपल्या कॅनव्हासवर तो गोलपणाच रंगाने घडवायचा असतो. तिथे नुसता स्प्रे मारला की चेहरा फुगवलेल्या प्लास्टिकसारखा दिसतो. शेवटी एखादी ऊबदार झाक फिरवायला एअरब्रश ठेवा, घडणीसाठी नको.

आता आयड्रॉपर. कृती साधी आहे. ओपॅसिटी, म्हणजे रंग खालचं किती झाकतो ते, पेनच्या दाबावर सोडायची, कडा थोडी कडक असलेला ब्रश घ्यायचा, सावलीच्या रंगाचा हलका फटकारा उजेडावर मारायचा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट, क्रिटामध्ये कंट्रोल दाबून त्या सरमिसळीतून रंग उचलायचा आणि कडेवर ठेवायचा. एका कडेच्या दोन पायऱ्या झाल्या, दोनाच्या तीन. डावा हात कीबोर्डवर, उजवा पेनवर, असा ठेका बसला की रंग निवडतोय हे जाणवतही नाही. इंटरमिजिएटला पोस्टर कलरच्या छटा डिशमध्ये कालवून ओळीने लावल्या असतील, तर हात लवकर बसेल. ओळखीची शिस्त आहे ती, फक्त पाणी आणि चिंधी नाही.

माझ्यासाठी निवड झाली ती स्मजच्या एकाच त्रासापायी, आणि तो त्रास म्हणजे मधला मळकट पट्टा.

ससून डॉकवर सकाळच्या उन्हात बसलेल्या कोळणीचा चेहरा घ्या. रापलेली, तांबूस सावळी त्वचा. एका गालावर कोवळं नारिंगी ऊन, दुसऱ्या बाजूला आकाशाची निळसर सावली. उजेडाचा रंग समजा आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे) 226, 160, 110 आणि सावलीचा 84, 72, 110. दोन्ही आपापल्या जागी जिवंत आहेत. उजेडाची सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा रसरशीतपणा, साधारण 51 टक्के, सावलीची 35. आता मधे स्मज फिरवा. प्रोग्राम बिचारा सरासरीच काढणार: 155, 116, 110. त्याची सॅच्युरेशन भरते 29, म्हणजे दोन्ही आईबापांहून फिकी. गालाच्या नेमक्या वळणावर राख फासल्यासारखा पट्टा उमटतो.

आणि खऱ्या चेहऱ्यावर तिथे याच्या उलट घडत असतं. उजेड त्वचेच्या आत शिरून पसरतो आणि त्यातला लाल भाग सगळ्यात लांब जातो. म्हणून उजेड जिथे संपतो आणि सावली सुरू होते, त्या वळणावर त्वचा जरा जास्तच लालसर, रसरशीत रंगाची दिसते. दुपारच्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाचा कान आणि गालाची कड बघा, लगेच पटेल. सावळ्या त्वचेवर हा लालसरपणा खोल, विटकरी होतो. तोच काढून घेतला की चेहरा आजारी दिसतो. गोऱ्या चेहऱ्यावर ही चूक थोडीफार खपते, आपल्याकडच्या वर्णावर अजिबात खपत नाही. आपण आपल्याच माणसांचे चेहरे रंगवणार, तर मला ही बाब फार मोठी वाटते. पडद्यावर एक वेळ नजर चुकते, पण छापून आलेल्या कागदावर तोच पट्टा मला नेहमी आणखी मळलेला दिसलाय.

यावर कुणी म्हणेल, आयड्रॉपरने उचललेला रंगही सरासरीच असतो ना? असतो. फटकारा अर्धा पारदर्शक म्हणजे गणित तेच. फरक इतकाच की स्मजमध्ये मधला रंग परस्पर चित्रावर तयार होतो, आणि आयड्रॉपरमध्ये तो लावण्याआधी तुमच्या हातात येतो. त्या एका क्षणात कलर व्हीलवर टिचकीभर सरकायला मिळतं: जरा लालकडे, जरा रसरशीत रंगाकडे. वरच्या उदाहरणात 155, 116, 110 उचलून मी 178, 96, 72 च्या आसपास नेईन. सॅच्युरेशन 60 च्या घरात जाते आणि गाल एकदम रक्ताचा वाटतो. सगळीकडे नाही, वळणाच्या अरुंद पट्टीतच. हनुवटीखाली तीच छटा हिरवटाकडे नेता येते, कपाळावर पिवळसर ठेवता येते. स्मजला हे सांगायची सोयच नाही. वरून कलर मोडचा, म्हणजे खालच्या चित्राचा फक्त रंग बदलणारा, लेअर टाकून दुरुस्ती करता येते म्हणा, पण मग वाचवलेला वेळ तिथेच जातो.

कडांचंही असंच. नाकाची गालावर पडलेली सावली कडक हवी, गालाचं वळण मऊ हवं, जबड्याची कड मागच्या अंधारात हरवून जायला हवी. स्मज हातात असली की हात थांबत नाही आणि तिन्ही कडा सारख्याच लोण्यासारख्या होतात. हे कदाचित माझ्या हाताबद्दलच खरं असेल. कडा राखून स्मज करणारे चित्रकार मी पाहिलेत, त्यांना सलाम.

आयड्रॉपरची किंमतही सांगितली पाहिजे. ती हळू आहे. सुरुवातीला चेहरा ठिगळं लावल्यासारखा दिसतो आणि धीर सुटतो. तेव्हा चित्र लहान करून पाहा. अंगठ्याएवढ्या आकारात पायऱ्या जुळलेल्या दिसल्या तर शेडिंग झालंय, पुढे घासू नका. ओपॅसिटी आणि फ्लो (ब्रशमधून रंग किती सुटतो ते) यांतला फरक मात्र हाताला माहीत हवा. ओपॅसिटी 40 वर असेल तर पेन न उचलता कितीही फिरवा, रंग 40 च्या वर चढत नाही. फ्लो कमी असेल तर त्याच फटकाऱ्यात रंग साचत जातो. पायऱ्या स्वच्छ हव्यात म्हणून मी फ्लो पूर्ण ठेवतो आणि ओपॅसिटीच दाबावर सोडतो. मोठं कोरं आकाश या पद्धतीने करू नका, कंटाळून जाल.

फोटोशॉपचा मिक्सर ब्रश या दोघींच्या मधे बसतो. 2010 च्या सीएस5 पासून तो आहे. त्याच्या वेट, लोड आणि मिक्स या सेटिंग्ज जमल्या की तैलरंगाचा भास होतो, पण त्याचंही मिसळणं आरजीबीतलंच, त्यामुळे माझी तक्रार तशीच राहते. आरजीबीत पिवळा 255, 255, 0 आणि निळा 0, 0, 255 निम्मे-निम्मे घेतले तर शुद्ध करडा येतो. डिशमध्ये हेच रंग कालवले तर हिरवा मिळतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यावर उपाय निघालाय: कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 मध्ये मांडलेल्या रंगलेपाच्या सिद्धांतावर बेतलेलं मिक्सबॉक्स हे रंग मिसळायचं तंत्र 2021 मध्ये आलं, आणि रिबेल या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत ते वापरता येतं. तिथे स्मज केली तरी रंग मरत नाहीत. स्मजचा हात सोडवत नसेल आणि सॉफ्टवेअर बदलायची तयारी असेल, तर ते जरूर बघा. मी स्वतः फोटोशॉप आणि क्रिटात इतका मुरलोय की तिकडे मुक्काम हलवलेला नाही.

गडद पार्श्वभूमीत पट्टे दिसतात त्याचा दोष कुठल्याच पद्धतीला देऊ नका. आठ बिटच्या फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला 256 च पायऱ्या असतात आणि अंधारात त्या उघड्या पडतात. फाइल 16 बिटची करा किंवा वरून किंचित नॉइज (बारीक दाणेदारपणा) टाका.

निवड करताना एक व्यावहारिक गोष्ट आधी बघा: हातात दाब ओळखणारं पेन आहे का? आयड्रॉपरची सगळी मदार दाबावर आहे, तर स्मज फोनवर बोटानेही बऱ्यापैकी चालते. पेन नसेल तर सध्या स्मजच घ्या, आकाश आणि पाणी रंगवा. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जाऊन टॅब्लेट घ्यायचा विचार असेल, तर महागड्या स्क्रीनवाल्याच्या मागे लागायची गरज नाही, दाब ओळखणारा साधा लहान टॅब्लेटही पुरतो. तो आला की पहिला चेहरा स्मजला हात न लावता करून बघा, आणि मधली प्रत्येक छटा लावण्याआधी थोडी लालकडे सरकवा.