‘लाळग्रंथी ४३ टक्के बंद’: साडेअठरा हजारांना पडलेला रिपोर्ट

सातवीच्या वर्गात कविता वाचत होते आणि ओळीच्या मध्येच जीभ टाळूला चिकटली. पुढचा शब्दच फुटेना. पहिल्या बाकावरची मुलगी स्वतःची बाटली घेऊन उठली, “बाई, पाणी देऊ?” म्हणाली. तोवर मी सगळं खडूच्या धुळीवर आणि उन्हावर ढकलत आले होते. पण तो श्रावण होता, बाहेर धो धो पाऊस चालला होता. घरी भाकरीचा घास तोंडात नुसता घोळत राहायचा, ताकाचा घोट घेतल्याशिवाय खाली उतरायचा नाही. रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठायचे.

त्याच महिन्यात कराडला एका मंगल कार्यालयात ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’चं शिबिर लागलं. माझं वय तेव्हा ४९. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर आणि मी, दोघेही गेलो. सरांना जेवायला बसलं की जबड्याखाली गाठ यायची आणि कळ मारायची. तासाभराने ती ओसरायची.

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली एक धातूची दांडी. पांढरा कोट घातलेल्या तरुणाने नाव, वय, उंची, वजन भरून घेतलं आणि दांडी मिनिटभर मुठीत धरायला सांगितली. प्रिंटरमधून ३८ पानं बाहेर आली. “ताई, तुमच्या लाळग्रंथी ४३ टक्के बंद झाल्यात. यकृतात विषारी द्रव्यं साठलीत. वेळेत आलात, अजून सहा महिन्यांनी काही करता आलं नसतं.”

माझ्या पोटात गोळा आला. आज आठवते ती वेगळीच गोष्ट. त्याने माझ्या तोंडात एकदाही डोकावून पाहिलं नाही. कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं नाही. डोळे, दात, सांधे, रक्तातली साखर, कशाचंच नाव काढलं नाही. सरांच्या जबड्याला हात लावून बघावं असंही त्याला वाटलं नाही.

मला तीन महिन्यांचा कोर्स मिळाला: पावडरीचे तीन डबे, थेंबांच्या दोन बाटल्या आणि पाण्यात फिरवायची एक काडी. किंमत १८,५००. सरांनाही हुबेहूब तेच डबे. डब्यावर ना घटकांची यादी, ना परवाना क्रमांक. बिल मागितलं तर ‘सदस्यता कार्ड’ हातात दिलं. पैसे मी फोनवरून भरले, एवढाच काय तो पुरावा राहिला.

पैशांपेक्षा जास्त नुकसान त्याच्या दोन वाक्यांनी केलं. “सुरुवातीला त्रास वाढेल, विष बाहेर पडताना असंच होतं,” आणि “मध्येच डॉक्टरांकडे गेलात तर कोर्स तुटेल.” त्यामुळे कोरड वाढत गेली तसतसं मला उलट औषध लागू पडतंय असं वाटत राहिलं. पावडर गोड होती, दिवसातून तीनदा जिभेवर ठेवून विरघळवायची. तीन महिन्यांनी दुसरा कोर्स घेतला, तो वेगळ्या पैशांचा.

सात महिन्यांनी दात ठणकला म्हणून दंतवैद्याकडे गेले. त्यांनी आरसा आत घातला तर तो गालाच्या आतल्या बाजूला चिकटला, अलगद ओढून काढावा लागला. त्या थांबल्या. “तोंडात लाळच नाहीये हो तुमच्या.” हिरड्यांच्या कडेने एका ओळीत पाच दात किडले होते. लाळ नुसती घास भिजवत नाही, तोंडातलं आम्ल मारून दातही राखते. ती नसताना दिवसातून तीनदा साखर चघळायची म्हणजे काय होणार, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय खाता येतं का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? सकाळी सांधे आखडतात का? तोंड उघडं ठेवून झोपता का? तंबाखू? गळ्या-डोक्याला कधी रेडिएशन? आणि शेवटी, “घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा.”

मी अर्धशिशीसाठी रोज रात्री अमिट्रिप्टिलीन आणि शिंकांसाठी सेटिरिझिन वर्षानुवर्षं घेत होते. दोन्हींनी तोंड कोरडं पडतं. तोंडाच्या कोरडीमागे औषधं हे नेहमी आढळणारं कारण आहे; रक्तदाबाच्या, लघवीच्या, मानसिक आजाराच्या कितीतरी गोळ्या त्यात येतात. फिजिशियननी त्या हळूहळू बदलल्या. (पट्ट्या बघून स्वतःच गोळ्या बंद करू नका, ते काम डॉक्टरांचं.) थोडा फरक पडला, पण पुरता नाही, म्हणून ते पुढे शोधत राहिले. साखर, थायरॉईड, हिपॅटायटीस सी, एचआयव्ही, सगळं तपासलं. ते ठीक निघालं.

नंतरच्या तपासण्या इतक्या साध्या होत्या की माझा विश्वास बसेना. मापाच्या खुणा असलेल्या एका पेल्यात १५ मिनिटं, काही न चघळता, जमेल ती लाळ सोडायची. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी म्हणजे लाळ खरोखर कमी. माझी एक मिलिलिटरही भरली नाही. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर अश्रूही कमी. माझी ३ मिलिमीटर भिजली. रक्तात अँटी-एसएसए प्रतिपिंडं, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रथिनं, सापडली. संधिवाततज्ज्ञांनी नाव सांगितलं: शोग्रेन सिंड्रोम. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, आणि बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. रक्तात ती प्रतिपिंडं नसती तर ओठाच्या आतून छोटा तुकडा काढून तपासावा लागला असता. माझ्यावर ती वेळ आली नाही.

तज्ज्ञांनी एक गोष्ट मात्र बजावली. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या रक्तपेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. कानापुढची ग्रंथी सुजून तशीच राहिली, ताप येऊ लागला, वजन उतरलं तर लगेच यायचं. हे मला सात महिने आधी कळायला हवं होतं.

आणि सर? त्यांच्या जबड्याखाली सोनोग्राफी केली तर लाळेच्या नळीत खडा. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ दाट असते आणि तिची नळी वर चढत जाते, म्हणून लाळेचे बहुतेक खडे तिथेच होतात. जेवताना लाळ सुटते, खड्याने अडते, गाठ येते. जिभेखालून खडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांचं दुखणं संपलं, माझं आयुष्यभराचं आहे. दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दोघांच्याही रिपोर्टवर तेच ‘४३ टक्के’.

पैसे परत मागायला मी शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेले तेव्हा १९ वर्षांचा भाचा सोबत होता. त्यांनी “आधी फेरतपासणी करू” म्हणून माझी माहिती भरली आणि माणूस फोन घ्यायला बाहेर गेला. दांडी भाच्याच्या हातात होती, ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. कागद बाहेर आला: लाळग्रंथींत ७१ टक्के सुधारणा, आणि त्याखाली गर्भाशय व बीजांडांचा तक्ता. यंत्राने हात वाचलाच नव्हता. वय आणि ‘स्त्री’ एवढं भरलेलं वाचलं होतं. ते कागद मी मागून घेतले. आठवड्याने त्यांचा फोन बंद झाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तेही कागद तयार आहेत. बँकेच्या नोंदी आणि डब्यांचे फोटो जपून ठेवलेत. ज्यांची अशी खरेदी झाली असेल त्यांनी रिकामे डबे फेकू नयेत.

काल शाळेतून येताना बसमधून पाहिलं, उंब्रजला तसाच फलक लागलाय, रविवारी सकाळी दहाला. मी साडेनऊलाच गेटवर जाऊन उभी राहणार आहे, सरांचा आणि माझा रिपोर्ट, भाच्याच्या हातातून निघालेला कागद आणि पाण्याची बाटली घेऊन. सर पण येतो म्हणालेत.