शिनचॅनची न संपणारी सुट्टी

शिनचॅन म्हटले की आगाऊपणा आणि गोंधळ हेच डोळ्यांसमोर येते. परंतु ‘शिनचॅन : मी अँड द प्रोफेसर ऑन समर व्हेकेशन’ या व्हिडिओ गेममध्ये जपानी कार्टूनमधले हे पाच वर्षांचे कार्टे खेळणाऱ्याला चक्क निवांत करून सोडते. २०२१ साली जपानमध्ये आणि पुढच्याच वर्षी अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या या गेममध्ये शिनचॅनचे नोहारा कुटुंब उन्हाळ्यात जपानच्या क्यूशू बेटावरील कुमामोतो भागात, म्हणजे त्याच्या आजोळच्या मुलुखात, मुक्कामाला येते. सकाळी कवायत, मग जाळी घेऊन किड्यांच्या मागे किंवा गळ घेऊन नदीवर, आणि रात्री दिवसभराची चित्रमय रोजनिशी, इतकाच काय तो दिनक्रम.

खरी मौज आहे ती दृश्यांत. पार्श्वभूमी हाताने रंगवल्यासारखी असून कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे शिनचॅन वाटेने दूर जाऊ लागला की तो लहान लहान होत जातो आणि अखेरीस हिरव्या शेतांत जेमतेम ठिपक्याएवढा उरतो. वास्तविक मला एक किडा पकडायचा होता. पण सिकाडा या किड्यांची किरकिर ऐकत मी शिनचॅनला नुसताच उभा करून ठेवला, आणि गेमनेही त्याबद्दल कुठे कुरकुर केली नाही. मात्र दृश्य बदलताच दिशाही बदलत असल्याने सुरुवातीला आल्या पावली परत फिरण्याचा प्रसंग वारंवार येतो.

माझी तक्रार निराळीच आहे. या गेमचे दिग्दर्शक काझ अयाबे यांच्याच २००० सालच्या ‘बोकू नो नात्सुयासुमी’ या गेममध्ये १९७५ चा ऑगस्ट महिना एकेक दिवसाने सरत जातो, आणि सुट्टी संपत आल्याची ती हुरहूरच त्या गेमचा प्राण आहे. येथे विक्षिप्त प्राध्यापकाच्या करामतीने तोच आठवडा पुन्हा उगवतो, मध्येच डायनासोरही अवतरतात. गंमत वाढते, पण रविवारच्या संध्याकाळी पोटात जो खड्डा पडायला हवा तो पडत नाही. सुट्टी हातची जाणार हे ठाऊक असल्याशिवाय तिची गोडी पुरती कळत नाही, असे मला तरी वाटते.

संवाद जपानीत आणि मजकूर इंग्रजीत असल्याने लहान मुलाशेजारी वाचून दाखवायला कोणी मोठे माणूस लागेल. खेळ मात्र मुलाच्याच हाती राहू द्यावा.