थर्मल लेबल प्रिंटर: छोट्या ऑनलाइन दुकानाला कितपत उपयोगी?

१००×१५० मिमी लेबल छापणारा, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) डायरेक्ट थर्मल प्रिंटर, म्हणजे उष्णतेने काळ्या पडणाऱ्या खास कागदावर छापणारा. शाई नाही, टोनर नाही. खर्च फक्त लेबलांचा. कुरिअरच्या बारकोडला २०३ डीपीआय पुरतं, ३०० साठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

खरी कटकट सेटिंगची. ड्रायव्हरमध्ये (संगणकावरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कागदाचा आकार नेमका १००×१५० ठेवा आणि पीडीएफ १०० टक्के स्केलवरच छापा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर बारकोडच्या रेघा पुसट होतात, स्कॅनर वाचत नाही आणि पार्सल अडकतं. ए४ पानावर आलेलं लेबल आधी क्रॉप करावं लागतं. नवीन रोल घातला की गॅप कॅलिब्रेशन करा (दोन लेबलांमधली फट प्रिंटरला ओळखू द्या), नाहीतर छपाई दोन लेबलांच्या मधोमध सरकते. उभी पांढरी रेघ दिसू लागली तर बहुतेकदा हेडवर (तापून छापणाऱ्या पट्टीवर) धूळ किंवा गोंद असतो. प्रिंटर बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डार्कनेस (छपाईचा गडदपणा) उगाच वाढवू नका, हेड लवकर झिजतं.

उणीव एकच, पण मोठी: उन्हात छपाई उडते, उष्णतेत लेबल काळं पडतं. बारकोडवर चिकटपट्टी तर मुळीच नको. तिच्या चकाकीने स्कॅनर अडतो, शिवाय गोंदानेही अक्षरं फिकी पडू शकतात. बिलं जपून ठेवायची असतील तर ती यावर छापू नयेत.

रोज दोन-तीनच ऑर्डर असतील तर साधा लेझर प्रिंटर आणि पारदर्शक पाकीट पुरे. इंकजेट मात्र टाळा, पावसात शाई पसरते.